शितावरून भात, थेंबावरून इंजिन

पेणहून नागोठण्याकडे महामार्गाने निघाले की दोन्ही बाजूंना गॅरेजे लागतात. बहुतेकांच्या दारात एक चिकट, काळेकुट्ट पिंप उभे असते. डंपरच्या किंवा जेसीबीच्या चेंबरचा नट उघडायचा, गरम ऑईल घमेल्यात सोडायचे, घमेले पिंपात रिकामे करायचे आणि नवे ऑईल भरून गाडी कामावर धाडायची. पिंपातले जळके ऑईल पुढे सेंटरिंगच्या फळ्यांना लागते, कुठे वाळवी लागू नये म्हणून वाशांना चोपडले जाते, उरलेले भंगारवाला नेतो.

या सगळ्यात एका गोष्टीकडे कोणाचे लक्ष जात नाही. ते ऑईल दोनशे, अडीचशे, कधी पाचशे तास इंजिनाच्या प्रत्येक सांदीकोपऱ्यातून फिरून आलेले असते. लायनर किती घासला, बेअरिंगचा कोणता थर उघडा पडला, एअर फिल्टरच्या कडेने धूळ शिरली का, रेडिएटरचे पाणी आत पाझरले का, या सगळ्याची नोंद त्यात असते. ती नोंद न वाचताच आपण पिंपात ओततो आणि सहा महिन्यांनी इंजिन बसले की नशिबाला बोल लावतो.

पेण-रोह्याचा मुलूख भाताचा. इथे घरातले कोणीही टोप रिकामा करून भात शिजल्याची खात्री करत नाही. एक शीत उचलायचे, बोटांनी चेपायचे, की कळते. वापरलेल्या ऑईलची तपासणी म्हणजे नेमके हेच आहे. इंजिन न खोलता शंभर मिलिलिटरच्या बाटलीवरून आतली स्थिती ओळखायची. पण अनुभवी हाताला आणखी एक गोष्ट ठाऊक असते. शीत वरचे कोरडे उचलले की निकाल चुकतो, तळचे करपलेले उचलले तरी चुकतो. ऑईलची परीक्षाही तशीच, उचलणाऱ्या हातावर अवलंबून आहे.

काळे म्हणजे खराब नव्हे

पहिला गैरसमज रंगाचा. डिपस्टिक काढली, ऑईल काळे दिसले, की ते ‘संपले’ असे आपण म्हणतो. डिझेल इंजिनात नवे ऑईल काही तासांतच काळे होते, आणि ते व्हायलाच हवे. डिझेल जळताना काजळी तयार होते. ती पिस्टनवर आणि नळ्यांत साचू नये म्हणून तिला बारीक कणांच्या रूपात स्वतःत तरंगत ठेवणारी रसायने ऑईलमध्ये घातलेली असतात. काळे झालेले ऑईल आपले काम करत असते. उलट, सोनेरी दिसणाऱ्या ऑईलमध्ये बारीक धूळ भरपूर असू शकते आणि डोळ्यांना त्याचा पत्ता लागत नाही.

डोळ्यांना पत्ता न लागण्याचे कारण आकारात आहे. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. चाळीस मायक्रॉनहून लहान कण नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग यांच्यामध्ये ऑईलचा जो पडदा असतो तो मात्र काही मायक्रॉनचाच असतो. त्या पडद्याहून किंचित मोठा, कठीण कण मध्ये अडकला की तो दोन्ही पृष्ठांवर ओरखडे काढत जातो. म्हणजे सर्वांत घातक कण नेमके न दिसणारे असतात.

पेज उतू जाते तेव्हा

मग न दिसणारे लोखंड मोजायचे कसे? त्याची किल्ली स्वयंपाकघरातच आहे. मीठ घातलेली पेज उतू जाऊन गॅसवर सांडली की निळी ज्योत क्षणात पिवळीधमक होते. तो पिवळा रंग मिठातल्या सोडियमचा. आगीची उष्णता मिळाली की सोडियमचे अणू ठरावीक रंगाचा प्रकाश टाकतात. प्रत्येक मूलद्रव्याची अशी स्वतःची रंगखूण आहे. १८६०च्या सुमारास जर्मनीत बुन्सेन आणि किरखॉफ यांनी या खुणा वाचण्याची रीत बसवली. हेलियम पृथ्वीवर हाती लागण्याच्या कितीतरी आधी सूर्यप्रकाशात ओळखला गेला, तो याच रीतीने.

ऑईलच्या प्रयोगशाळेतला स्पेक्ट्रोमीटर हेच करतो. ऑईलच्या पातळ थरातून विजेची ठिणगी पाडतात किंवा ते अतितप्त वायूच्या ज्योतीत फवारतात. त्यातले लोखंड, तांबे, शिसे, सिलिकॉन आपापल्या रंगात उजळतात. यंत्र रंगावरून धातू ओळखते आणि उजेडाच्या तीव्रतेवरून प्रमाण सांगते. वीसेक मूलद्रव्ये मिनिटाभरात मोजली जातात.

उत्तर ‘पीपीएम’मध्ये येते, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग. हा आकडा अमूर्त वाटतो, म्हणून एक हिशेब करून पाहू. डंपरच्या चेंबरमध्ये १५ लिटर ऑईल धरले तर त्याचे वजन साधारण १३ किलो. त्यात लोखंड १०० पीपीएम निघाले, तर सगळ्या ऑईलमध्ये मिळून लोखंड आहे १.३ ग्रॅम. सोनाराच्या जुन्या मापात दहा-अकरा गुंजा. चार-पाचशे किलोच्या इंजिनातून झडलेल्या या दहा-अकरा गुंजांवरून पुढचे संकट ओळखता येते.

कोण झिजते आहे?

इंजिनाचे भाग वेगवेगळ्या धातूंचे असतात, म्हणून धातू कळला की संशयित कळतो. लोखंड येते लायनर, क्रँकशाफ्ट, कॅम आणि गिअर यांच्याकडून. क्रोमियम बहुधा पिस्टनच्या रिंगांचे. ॲल्युमिनियम पिस्टनचे. तांबे बुशचे, बेअरिंगचे किंवा ऑईल कूलरचे. शिसे आणि कथील अनेक बेअरिंगांच्या वरच्या मऊ थराचे. आधी शिसे वाढले आणि मागून तांबे वाढू लागले, तर अशा बेअरिंगचा वरचा थर जाऊन आतला थर उघडा पडतो आहे असा अर्थ निघतो.

पण धातू एकेकटा क्वचितच बोलतो. एकत्र वाढणाऱ्या जोड्या पाहाव्या लागतात, आणि आपल्या भागात सर्वांत महत्त्वाची जोडी आहे सिलिकॉन आणि ॲल्युमिनियमची. मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचे रुंदीकरण २०११च्या सुमारास सुरू झाले आणि वर्षानुवर्षे रेंगाळले. पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड ही सगळी ठिकाणे त्याच टप्प्यावर. खोदलेला रस्ता, खडी, क्रशर आणि त्या धुळीत चालणारी शेकडो यंत्रे हे चित्र इथल्या माणसाने रोज पाहिले आहे.

ही धूळ कशाची? सह्याद्रीच्या काळ्या कातळाची. या बेसाल्टचा निम्मा भाग सिलिका असतो आणि सातवा हिस्सा ॲल्युमिनियमचे ऑक्साईड. हिशेब केला तर धुळीत सिलिकॉन तीन भाग तर ॲल्युमिनियम एक भाग, असे साधारण प्रमाण येते. अहवालात दोन्ही जवळपास याच प्रमाणात वाढलेले दिसले, तर रस्त्यावरची धूळ इंजिनात शिरली आहे. एअर फिल्टर, त्याचा रबरी पाईप, क्लिप तपासा. सिलिकॉन एकटेच वाढले, तर ते सांध्याला लावलेल्या सिलिकॉनच्या पेस्टचे किंवा ऑईलमधल्या फेस मारणाऱ्या रसायनाचे असू शकते. तसे असेल तर घाबरण्यासारखे काही नाही. आणि ॲल्युमिनियम एकटेच वाढले, तर पिस्टनकडे पाहा. दोनच आकड्यांचे तीन अर्थ आणि तीन वेगळी कामे.

पाणी, डिझेल आणि आम्ल

झिजेखेरीज दुसरा प्रश्न असतो, ऑईल स्वतः कसे आहे? कोकणात पहिला शत्रू पाणी. हजारो मिलिमीटर पावसाच्या या जिल्ह्यात चार महिने हवाच ओली असते. उघड्यावर ठेवलेल्या पिंपाच्या झाकणावर पाणी साचते आणि रात्रीच्या गारव्यात पिंप आकसले की बुचाच्या आट्यांतून ते आत ओढले जाते. म्हणून पिंप आडवे ठेवावे, तेही बुचे पावणेतीन-सव्वानऊच्या रेषेत येतील असे, म्हणजे ती आतून ऑईलखाली राहतात. पाणी शिरलेले ऑईल दुधाळ दिसते, पण दुधाळ दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

पाणी कुठून आले हेही कळते. रेडिएटरच्या पाण्यात गंज टाळण्यासाठी सोडियम, पोटॅशियम किंवा बोरॉनचे क्षार असतात. पाणी उष्णतेने उडून गेले तरी क्षार मागे राहतात आणि चुगली करतात. धरमतरच्या खाडीतल्या बोटीत सोडियम वाढले तर प्रश्न पडतो, कूलंट की समुद्र? समुद्राच्या पाण्यात सोडियमच्या साधारण आठव्या हिश्शाइतके मॅग्नेशियम असते. सोडियमबरोबर तेही त्याच प्रमाणात वाढले, तर खारे पाणी आत आले आहे.

पुढचे माप दाटपणाचे. १५डब्ल्यू-४० या नेहमीच्या ऑईलचा दाटपणा १०० अंश सेल्सिअसला १२.५ ते १६.३ सेंटिस्टोकच्या दरम्यान असावा लागतो. तो घसरला, तर बहुधा डिझेल मिसळते आहे; नोझल किंवा पंप पाहावा. तो चढला, तर काजळी साठली आहे किंवा ऑईल तापून जुनावले आहे.

आणि आम्ल. डिझेलमधले गंधक जळून आम्ल बनते आणि बेअरिंग खाते. त्याला मारण्यासाठी ऑईलमध्ये क्षार घातलेला असतो. तो किती शिल्लक आहे ते सांगणारे माप म्हणजे टीबीएन. २०१७च्या एप्रिलपासून देशभर ५० पीपीएम गंधकाचे आणि १ एप्रिल २०२० पासून १० पीपीएम गंधकाचे डिझेल आले. त्याआधीच्या काळाशी तुलना केली तर ऑईलवरचा हा भार पुष्कळ हलका झाला आहे. म्हणूनच जुन्या सवयीने ठरवलेली ऑईल बदलण्याची मुदत आज खरोखर लागू पडते का, हे तपासणीच सांगू शकते. कधी ती सांगते, लवकर बदला. कधी सांगते, अजून शंभर तास बिनघोर चालवा. दोन्हींत मालकाचा पैसा वाचतो.

कोलोरॅडोहून कल्याणमार्गे रोह्याला

ही विद्या रेल्वेने वाढवली. १९४६ साली अमेरिकेतल्या डेन्व्हर अँड रिओ ग्रँड वेस्टर्न या रेल्वेने आपल्या डिझेल इंजिनांचे वापरलेले ऑईल स्पेक्ट्रोमीटरने तपासायला सुरुवात केली. बेअरिंग निकामी होण्याआधीच ऑईलमध्ये त्याची चाहूल लागते हे दिसले, आणि १९५०च्या दशकात अमेरिकी नौदलाने तीच रीत विमानांच्या इंजिनांना लावली.

भारतात १९६२ साली अमेरिकी अल्को कंपनीची डिझेल इंजिने आली. १९६४ पासून तशीच इंजिने वाराणसीच्या कारखान्यात बनू लागली. त्यांच्यासाठी देशभर डिझेल शेड उभ्या राहिल्या आणि शेडच्या प्रयोगशाळेत ऑईलच्या बाटल्या येऊ लागल्या. तिथली भाषा फार थेट असते. ‘स्पेक्ट्रोला तांबे वाढले आहे’ असा शेरा आला, तर इंजिन पुढच्या फेरीला पाठवण्यापूर्वी बेअरिंग पाहिले जाते.

रोह्याला या गोष्टीचे मोल वेगळे आहे. कोकण रेल्वेची सुरुवात रोह्यापासून होते. १९९३ मध्ये रोहा-वीर हा टप्पा सुरू झाला, १९९८च्या जानेवारीत सगळा मार्ग वाहतुकीला खुला झाला. सातशे चाळीसच्या आसपास किलोमीटर, ९१ बोगदे आणि बहुतेक ठिकाणी एकेरी रूळ. अशा मार्गावर बोगद्यात एक इंजिन बंद पडले, तर मागचे-पुढचे सगळे थांबते. कल्याण, पुणे अशा शेडची डिझेल इंजिने वर्षानुवर्षे हा मार्ग तुडवत होती. त्यातल्या ईएमडी या अमेरिकी कंपनीच्या बनावटीच्या इंजिनांचे एक वैशिष्ट्य सांगण्याजोगे आहे. या घराण्याच्या इंजिनांत पिस्टनच्या पिनेच्या बेअरिंगला चांदीचा थर दिलेला असे. म्हणून त्यांच्या ऑईलमध्ये जस्ताची रसायने चालत नसत, आणि अहवालात चांदीचा एक-दोन पीपीएमही डोळ्यांत तेल घालून पाहिला जाई. २०२२ साली हा मार्ग पूर्णपणे विजेवर आला. पण डिझेलच्या त्या तीन दशकांत प्रवासी गणपतीला वेळेवर घरी पोहोचत होते, त्यामागे शेडमधल्या या बाटल्यांचाही वाटा होता.

याच मार्गावर कोलाडहून गोव्यातल्या वेर्णापर्यंत १९९९च्या जानेवारीत रो-रो सेवा सुरू झाली. भरलेले ट्रक रेल्वेच्या वाघिणीवर चढतात आणि इंजिन बंद ठेवून शेकडो किलोमीटर कापतात. इंजिनाच्या दृष्टीने त्या प्रवासात काहीच घडत नाही. उलट वडखळच्या कोंडीत तासभर इंजिन चालू ठेवून उभ्या असलेल्या ट्रकचा मीटर जागचा हलत नाही, ऑईल मात्र तासभर राबते. म्हणून ऑईलचे वय किलोमीटरमध्ये मोजू नये. ते तासांत मोजावे.

बाटली भरणारा हात

कितीही महागडे यंत्र चुकीच्या नमुन्याला बरोबर करू शकत नाही. इंजिन गरम असतानाच, चालू असताना किंवा बंद केल्यावर अर्ध्या तासाच्या आत, नमुना घ्यावा. तेव्हा सगळे कण ढवळलेले असतात. थंड इंजिनात जड कण तळाला बसतात. नट उघडून ऑईल सोडताना नमुना घ्यायचा असेल, तर पहिली धार सोडून द्यावी, शेवटची घेऊ नये, मधली घ्यावी. घमेल्यातून तर कधीच घेऊ नये, कारण घमेल्यात आधीच्या दहा गाड्यांचे अंश असतात. बाटली कोरी आणि कोरडी हवी. दर वेळी नमुना एकाच जागेतून, एकाच पद्धतीने घ्यावा.

बाटलीवर चार गोष्टी लिहाव्यात. यंत्राचे एकूण तास, ऑईलचे तास, ऑईलचे नाव आणि मध्ये किती भर घातली ते. शेवटची नोंद लोक विसरतात. पंधरा लिटरच्या चेंबरमध्ये पाच लिटर ताजे ऑईल भरले, तर लोखंडाचा आकडा तिसऱ्या हिश्शाने खाली येतो आणि आजारी इंजिन निरोगी दिसू लागते. एक बाटली नव्या, न वापरलेल्या ऑईलचीही पाठवावी. त्यात आधीपासून काय होते हे कळल्याखेरीज नंतर काय आले ते कसे कळणार?

वहीचे महत्त्व

आता या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. समजा, एकाच मालकाचे दोन डंपर आहेत. पहिल्याचे लोखंड दर अडीचशे तासांना ९०, ९२, ८८, ९१ येते. दुसऱ्याचे ४०, ४३, ४१ आणि मग एकदम ७८. शेवटचा अहवाल तेवढा समोर ठेवला तर ९१चा डंपर अधिक आजारी वाटतो. वही समोर ठेवली तर उलट दिसते. पहिल्याची ती प्रकृतीच आहे. तो वर्षभर तसाच चालला आहे. दुसऱ्यात काहीतरी बिघडले आहे. त्याच वेळी त्याचे सिलिकॉन १२ वरून ४० वर गेले असेल आणि ॲल्युमिनियम व क्रोमियमही चढले असेल, तर गोष्ट पुरी झाली. धूळ शिरली आहे आणि ती रिंगा व लायनर खाते आहे. अशा वेळी ढिली क्लिप आवळणे, फिल्टर बदलणे आणि ऑईल काढून टाकणे एवढ्यावर निभावते. सहा महिने थांबले तर तेच इंजिन बोअर करायला खोलावे लागते.

एक शीत भात शिजल्याचे सांगते. पण भात बिघडतो आहे का, हे कळायला पुन्हा पुन्हा शीत चेपावे लागते. एकच अहवाल फार तर आजची स्थिती सांगतो. यंत्र कुठल्या दिशेने चालले आहे हे सांगते ती वही. म्हणूनच ज्याने कधीमधी महागडी तपासणी केली, त्याच्यापेक्षा नियमाने साधी तपासणी करणारा अधिक सुखात राहतो.

या विद्येची मर्यादाही सांगायला हवी. नेहमीच्या स्पेक्ट्रोमीटरला साधारण आठ-दहा मायक्रॉनहून मोठे कण नीट दिसत नाहीत. ते ठिणगीत पुरते जळतच नाहीत. गिअरचा दात मोठ्या खपल्या टाकू लागला, तर लोखंडाचा आकडा शांत दिसेल आणि गिअरबॉक्स मात्र मरणाच्या दारात असेल. अशा मोठ्या कणांसाठी फेरोग्राफी आहे. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला व्हर्नन वेस्टकॉट यांनी ती विकसित केली. काचेच्या पट्टीवर ऑईल सोडतात, खालचे चुंबक कण रांगेत बसवते, आणि मग सूक्ष्मदर्शकातून आकार पाहतात. पातळ पापुद्रे म्हणजे रोजची झीज. लेथच्या कात्रणासारख्या वेटोळ्या म्हणजे कठीण धुळीने कापलेले लोखंड. जाड, खडबडीत खपल्या म्हणजे धातू थकून फुटतो आहे. पोलाद कारखान्यातल्या गिअरबॉक्सला किंवा रासायनिक वसाहतीतल्या कॉम्प्रेसरला ही परीक्षा सोडून चालत नाही.

आपल्या हाती काय?

प्रयोगशाळा दूर असली तरी काही गोष्टी पेणच्या गिरणीत आणि रोह्याच्या गॅरेजात आजही करता येतात. गाळणकागदावर ऑईलचा एक थेंब टाका आणि काही तास सुकू द्या. काजळी हळूहळू फिकट होत कडेपर्यंत पसरली, तर ऑईल अजून काजळी वाहते आहे. मधोमध काळा, रेखीव कडेचा ठिपका आणि भोवती कोरे कडे दिसले, तर त्याची ती ताकद संपली. दुसरी चाचणी पाण्याची. सुमारे १५० अंशांवर तापवलेल्या पत्र्यावर सुईएवढा थेंब सोडा, डोळ्यांवर चष्मा लावून आणि हात लांब ठेवून. तडतडले तर पाणी आहे. तिसरी, काढलेला ऑईल फिल्टर फेकण्यापूर्वी कापा, त्याच्या घड्या उलगडा आणि चुंबक फिरवा. चिकटले ते लोखंड. चमकते पण चिकटत नाही ते बहुधा बेअरिंगचे. स्पेक्ट्रोमीटरला न दिसणारे मोठे कण इथे उघड्यावर सापडतात. आणि हे सारे तारखेसह वहीत लिहा.

तपासणी झाल्यावर ते ऑईल कुठे जाते, हाही या विद्येचाच भाग आहे. २०१६च्या नियमांनुसार वापरलेले ऑईल घातक कचऱ्यात मोडते, आणि एप्रिल २०२४ पासून ते गोळा करून पुन्हा शुद्ध करण्याची जबाबदारी ऑईलच्या उत्पादकांवर व आयातदारांवरही टाकली आहे. नीट शुद्ध केले तर त्यातून पुन्हा चांगले बेस ऑईल मिळते. गटारात ओतले तर ते भोगावती नाही तर कुंडलिका गाठते, आणि तिथून भाताची खाचरे आणि खाडीतली मासळी.

महामार्गावरचे ते काळे पिंप म्हणूनच मला दर वेळी थांबवते. त्यात शेकडो इंजिनांच्या नोंदी एकमेकींत मिसळून गेलेल्या असतात आणि एकदा मिसळल्या की कोणालाच वाचता येत नाहीत. वाचायच्या असतील तर त्या पिंपात पडण्याआधी, गरम धार वाहत असताना, मधली शंभर मिलिलिटर बाजूला काढावी लागतात. एवढेच काम आहे. ते अभियंत्याचे नाही, प्रयोगशाळेचेही नाही. ते चेंबरचा नट उघडणाऱ्या पोराचे आहे, आणि त्याला ते कोणीतरी मन लावून शिकवायला हवे.